डोक्यावरचं कॉस्टिक

मी इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये काम करतो. खातं मर्सराइजचं. कापड ताणून कॉस्टिकच्या पाण्यातून काढायचं, धुवायचं, ॲसिड मारायचं, पुन्हा धुवायचं. सहा वर्षं हेच चाललंय. पहिल्याच वर्षी डाव्या मनगटावर कॉस्टिक उडालं. हातमोजे मागितले होते, मिळाले नव्हते. आधी काही वाटत नाही. साबणासारखं बुळबुळीत लागतं. मग खाज, मग आग. ‘बुळबुळीत लागलं की समज, तुझ्याच कातडीतल्या तेलाचा साबण व्हायला लागलाय,’ असं जुन्या जॉबरनं सांगितलं आणि माझा हात नळाखाली धरला. गिरणीचं नाव इथं लिहीत नाही. डाग अजून आहे.

हा डाग घेऊन मी अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या केसांवर का लिहितोय, ते सांगतो. बारावी नापास माणूस मी. इंग्रजी शिकलो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. आमच्या वस्तीतल्या एका थोरल्या कवीनं माल्कम एक्सचं १९६५चं आत्मचरित्र हातात दिलं. म्हणाला, पँथरचं नाव कुठून आलं ते कळायचं असेल तर आधी हे वाच. वाचता वाचता केस सरळ करायचा प्रसंग आला. गावाकडून बोस्टनला आलेला तरणा पोर. त्याचा दोस्त त्याला सामान आणायला धाडतो. लायचा डबा, अंडी, बटाटे, व्हॅसलीन, साबण, कंगवे. आणि वर रबरी एप्रन आणि हातमोजे. ‘लाय’ हा शब्द मी डिक्शनरीत काढला, मग अजून चार ठिकाणी विचारलं. लाय म्हणजे कॉस्टिक सोडा. आमच्याच टाकीतला.

मी पुस्तक खाली ठेवलं. जे हाताळायला आम्हाला रबरी हातमोजे लागतात, ते हे लोक डोक्याला लावत होते! माल्कमनं पुढं शहाणा झाल्यावर लिहिलंय की, स्वतःला हीन करून घ्यायचं ते आपलं पहिलं मोठं पाऊल होतं. पण माझ्या डोक्यात निराळाच प्रश्न अडकला. हे त्यांना शिकवलं कुणी? सल्ला कुणाचा? तिथं तर काळ्यांची स्वतःची मासिकं होती, झकपक छापलेली. ती काय सांगत होती? ‘एबनी’चे जुने अंक आता स्कॅन होऊन फोनवर वाचता येतात. रातपाळी सुटल्यावर मी ते वाचायला लागलो, सोबत इतर पुस्तकं. त्यातून जे हाती लागलं ते मांडतो.

आधी केसांचं सांगतो. प्रोसेसमधल्या पोराला एक परीक्षा माहीत असते. धागा सुती की लोकरी हे कळत नसेल तर गरम कॉस्टिकमध्ये टाकायचा. सूत टिकतं, लोकर विरघळून जाते. माणसाचा केस लोकरीच्या जातीचा. म्हणजे कॉस्टिक सुताला चमक देतं आणि केसाला खातं. केस सरळ करायची क्रीम म्हणजे हे खाणं मधेच थांबवायचा खेळ. केसाच्या आतले गंधकाचे सांधे तुटले की वळण जातं. तेवढ्यात धुतलं तर केस सरळ, दोन-चार मिनिटं उशीर झाला तर केस तुटून हातात आणि डोकं सोललेलं.

काळ्या माणसाचा घट्ट कुरळा केस मुळात नाजूक. तो गोल नसून चपटा असतो. मुळाशी सुटणारं तेल सरळ केसावरून खाली उतरतं, पण वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत जात नाही. म्हणून टोकं कोरडी. प्रत्येक वळण म्हणजे मोडायची जागा. कोरडा विंचरला तर तुटतो. ओला करून, तेल-मलम लावून, टोकाकडून वर वर विंचरला तर राहतो. घट्ट ओढून बांधला तर मुळातून सुटतो. ‘यांचे केस वाढतच नाहीत’ हा समज खोटा. वाढतात, पण वाढतात तेवढेच मोडतात. साधी चार वाक्यं आहेत ही. ही चार वाक्यं सौंदर्याच्या पानांवर नीट छापून यायला शंभर वर्षं लागली. हाच माझ्या लेखाचा विषय.

बायांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. गुलामीत कंगवा नव्हता, तेलही नव्हतं. १९३०नंतरच्या दशकात सरकारी योजनेतून जुन्या गुलामांच्या तोंडच्या हकिकती लिहून घेतल्या गेल्या. त्यात म्हाताऱ्या सांगतात की, लोकर आणि कापूस पिंजायच्या दातेरी फण्यांनी आम्ही केस विंचरायचो. म्हणजे कार्डिंगचं हत्यार! सूतगिरणीतल्या दोस्तांनो, तुमच्या खात्याचं हत्यार. आठवडाभर केस दोऱ्यानं गुंडाळून फडक्याखाली बांधायचे आणि रविवारी सोडायचे. विली मॉरो नावाच्या काळ्या न्हाव्यानं १९७३ साली या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘चारशे वर्षं कंगव्याविना’ अशा अर्थाचं आहे. पण हे शहाणपण मांडीवर बसवून, हातानं दिलं जात होतं. छापलं जात नव्हतं.

छापलं काय जात होतं? जाहिरात. विसावं शतक उजाडताना काळ्यांच्या वर्तमानपत्रांत केस सरळ करायच्या औषधांच्या जाहिराती भरून वाहात होत्या. आधी-नंतरची दोन चित्रं. आधीची बाई दुःखी, नंतरची सुखी. अनेक कंपन्या गोऱ्यांच्या, छापणारा काळा, पैसे मोजणारी काळी मोलकरीण. तेव्हासुद्धा कुणी गप्प नव्हतं. नॅनी हेलन बरोज या बाईनं १९०४ साली ‘द व्हॉइस ऑफ द निग्रो’ मासिकात लेख लिहून कातडी उजळवणाऱ्या आणि केस सरळ करणाऱ्या आपल्याच माणसांना झोडपलं होतं.

याच काळात मॅडम सी. जे. वॉकर उभी राहिली. खरं नाव सारा ब्रीडलव्ह. १८६७चा जन्म, लुइझियानात, आईबाप पूर्वीचे गुलाम. चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा. सेंट लुईस शहरात लोकांची धुणी धुवायची. तिचे स्वतःचे केस गळायला लागले. आधी तिनं ॲनी टर्नबो मेलोन या दुसऱ्या काळ्या बाईची औषधं दारोदार विकली, मग १९०५ साली डेन्व्हरला जाऊन स्वतःची काढली. तिच्या सल्ल्याला मी अर्धे मार्क देतो. घरात नळ नाही, धुण्याला महिना-महिना लागतो, त्यानं टाळूला रोग होतो, म्हणून डोकं वरचेवर धुवा आणि गंधकाचं मलम लावा, हा तिचा सल्ला खरा होता. आपल्या मालाला ‘केस वाढवणारा’ म्हणणं ही धंद्याची थाप. टाळू निरोगी झाली म्हणून केस टिकले, मलमानं ते उगवले नाहीत. पण तिचा सल्ला कागदावर नव्हता, हजारो एजंट बायांच्या हातात होता. त्या घरी यायच्या, डोकं बघायच्या, मग सांगायच्या. १९१७ साली फिलाडेल्फियात या बायांचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्यांनी काळ्यांच्या हत्याकांडांविरुद्ध राष्ट्राध्यक्ष विल्सनला तार ठोकली. केशतेल विकणाऱ्या बायांची ही संघटना! सौंदर्याचं एकही मासिक इतकं बोललं नाही.

पुढं गरम लोखंडी कंगवा घरोघर गेला. विस्तवावर तापवायचा, डोक्याला तेल लावायचं आणि ओढायचा. चुकला की कान, मान भाजायची. गॅरेट मॉर्गन हा शिलाई मशीन दुरुस्त करणारा काळा कारागीर. सुईनं लोकर जळू नये म्हणून तो एक द्रव करत होता, तो फडक्याला पुसला तर लव सरळ झाली, असं सांगतात. १९१३ साली त्यानं केस सरळ करायच्या मलमाची कंपनी काढली. बघा, आमच्या कापडाच्या धंद्यातूनच हेही निघालं. गरम कंगव्यानं टाळूच्या मधोमध कायमचं टक्कल पडतं, असं डॉक्टरांनी १९६८ साली त्वचारोगाच्या नियतकालिकात नाव देऊन नोंदवलं. पुढच्या डॉक्टरांनी सांगितलं की कारण एकटा कंगवा नाही, त्या टकलाचं नावही बदललं. पण ते बायांच्या डोक्यावर आधीपासून होतं, हे खरं. त्यांना मासिकानं विचारलंच नव्हतं.

गोऱ्यांच्या मासिकांना तर काळी वाचक आहे हेच दिसत नव्हतं. ‘ग्लॅमर’च्या कव्हरवर काळी तरुणी आली १९६८च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकन ‘व्होग’च्या कव्हरवर १९७४च्या ऑगस्टमध्ये. आत जो सल्ला असायचा तो सरळ केसांचा. रोज शंभर वेळा ब्रश फिरवा, हा त्या काळचा पाठ झालेला मंत्र. कुरळ्या केसावर शंभर ब्रश म्हणजे शंभर ठिकाणी मोड.

मग आपली मासिकं? इथं मला खरं वाईट वाटलं. जॉन एच. जॉन्सननं १९४५ साली शिकागोत ‘एबनी’ काढलं. काळा डॉक्टर, काळा वकील, काळी गायिका मोठ्या फोटोंत छापली. काळ्या घरात ते मासिक टेबलावर मानानं ठेवलं जायचं. हे काम लहान नाही. पण जॉन्सनची एक केशप्रसाधनांची कंपनीही होती. पुरुषांसाठी ‘ड्यूक’, बायकांसाठी ‘रवीन’. मासिक त्याचं, डबाही त्याचा. बाकीची पानं दुसऱ्यांच्या डब्यांनी भरायची. १९६६च्या जूनमध्ये ‘एबनी’नं नैसर्गिक केस ठेवणाऱ्या बायकांवर कव्हर केलं. ते धाडसच होतं. पण नैसर्गिक केसांचा लेख आणि सरळ करायच्या जाहिराती एकाच मासिकात नांदत राहिल्या.

जाहिरात घेतली की तोंड कसं शिवलं जातं, याचं उदाहरण ग्लोरिया स्टाइनमनं १९९० साली लिहून ठेवलंय. तिच्या ‘मिझ’ मासिकानं एकदा केसांच्या रंगातल्या रसायनांनी कॅन्सर होऊ शकतो का, यावरच्या संसदेतल्या चौकशीची नुसती बातमी दिली. रंगवाल्या कंपनीच्या जाहिराती गेल्या. नुसती बातमी! मग जे मासिक डब्यांवरच उभं आहे, ते ‘हे कॉस्टिक आहे’ असं मोठ्या अक्षरात कसं छापणार?

ते छापायला सरकार यावं लागलं. जॉर्ज जॉन्सन हा दुसरा जॉन्सन, शिकागोचाच. त्याची १९५४ साली सुरू झालेली कंपनी ‘अल्ट्रा शीन’ रिलॅक्सर विकायची. १९७१ साली अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर गेलेली ही काळ्यांची पहिली कंपनी. १९७०नंतरच्या दशकाच्या मध्यावर सरकारच्या व्यापार आयोगानं तिला डब्यावर इशारा छापायला लावला की यात सोडियम हायड्रॉक्साइड आहे, टाळू आणि डोळे भाजू शकतात. गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धक कंपनीला तीच अट बराच मागाहून लागली. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक तिकडं गेलं. म्हणजे इशारा देतानाही रंग बघून दिला. पण मी यात जॉर्ज जॉन्सनसाठी रडत नाही. ज्या बाईची टाळू भाजली तिला डबा काळ्याचा होता की गोऱ्याचा, यानं काय फरक पडला?

मग ‘नो लाय’ आलं. लाय नाही. मासिकांतून सौम्य म्हणून गाजलं. आमच्या खात्यातला हेल्परसुद्धा सांगेल की कॉस्टिक काढून चुना घातला म्हणून क्षार जात नाही. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच असतो, दुसऱ्या रसायनात कालवलेला. टाळूला आग थोडी कमी, पण केसावर कॅल्शियम बसून तो काष्ठासारखा कोरडा.

यावर बंड झालं ते रस्त्यावर. १९६२च्या जानेवारीत हार्लेममध्ये कलावंत पोरांनी एक शो केला. त्यातल्या काळ्या मुली केस सरळ न करता स्टेजवर चालल्या. पुढं ब्लॅक पँथर आले, अँजेला डेव्हिस आली. आमच्या मुंबईतल्या पोरांनी १९७२ साली ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं ते त्याच वाऱ्यातून. पण बाजार काय करतो बघा. अँजेलानं १९९४ साली लिहिलंय की, एफबीआयच्या पोस्टरवरचा माझा चेहरा आता लोकांना एक हेअरस्टाइल म्हणून आठवतो. तिच्या अटकेच्या हकिकतीवर एका मासिकानं कपड्यांची फोटोपानं काढली होती. माणूस गाळला, केस ठेवले.

गोऱ्या मासिकांना हे केस दिसायला लागले तेव्हा दोन तऱ्हा झाल्या. गोऱ्या डोक्यावर असले तर फॅशन, काळ्या डोक्यावर असले तर बेशिस्त. १९७९च्या ‘टेन’ सिनेमात बो डेरेक या गोऱ्या नटीनं बारीक वेण्या घातल्या आणि त्या वेण्या तिच्या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. १९८१ साली रेने रॉजर्स ही विमान कंपनीतली काळी कर्मचारी अशाच वेण्यांसाठी कोर्टात गेली आणि हरली. कोर्टानं कंपनीचं म्हणणं नोंदवलं की हिनं वेण्या त्या सिनेमानंतर घातल्या! आज्जीच्या मांडीवरची वेणी, तिचा पुरावा गोऱ्या नटीकडं.

२००७ साली ‘ग्लॅमर’ची एक संपादिका न्यूयॉर्कच्या एका वकिली कंपनीत कपड्यालत्त्यावर सल्ला द्यायला गेली. तिनं अफ्रोचा फोटो दाखवून सांगितलं की ऑफिसात हे चालणार नाही. ओरड झाली, मासिकानं माफी मागितली, तिनं नोकरी सोडली. २०११ साली ‘एल’ला दिलेल्या मुलाखतीत आंद्रे वॉकर, म्हणजे ओप्राचे केस करणारा आणि केसांचे एक ते चार नंबर पाडणारा काळा कारागीर, म्हणाला की सगळ्यात घट्ट केस तेवढे मी रसायनानं बदलून घ्यायला सांगतो. चौथा नंबर पाडणाराही तोच आणि त्याला नापास करणाराही तोच. दोस्तांनो, उतरंड कशी असते ते तुम्हाला शिकवायची गरज नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये ‘अल्युअर’नं सरळ केसांच्या वाचकांना अफ्रो कसा करायचा ते शिकवलं, मॉडेल गोरी, आणि हे केस कुणाचे, त्यापायी कुणी काय सोसलं याचा पत्ता नाही. २०१७ साली ब्रिटनच्या ‘ग्राझिया’नं नटी लुपिता न्योंगोच्या फोटोतले तिचे केस मशीनवर पुसून टाकले. तिनं जाहीर निषेध केला, तेव्हा माफी आली.

आता शेवटचा हिशेब. २०१२ साली काळ्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात रिलॅक्सर आणि गर्भाशयातल्या गाठी यांचा संबंध दिसला. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सरकारी संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ बायकांचा जवळजवळ अकरा वर्षांचा हिशेब छापला. त्यात गर्भाशयाच्या कॅन्सरच्या ३७८ केसेस. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत हा कॅन्सर व्हायचा धोका १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. वापरणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के काळ्या. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे संशोधकही सांगतात आणि मीही सांगतो. आपण खोटं वाढवून सांगायचं नाही. पण सौंदर्याच्या मासिकांनी इतकी वर्षं काय सांगितलं होतं? रविवारच्या चर्चला, नोकरीच्या मुलाखतीला, पोरीच्या शाळेच्या फोटोला केस ‘नीट’ करा.

बाया मात्र एकमेकींना शिकवत राहिल्या. धुवायचं कसं, ओलं विंचरायचं कसं, वेणी सैल ठेवायची कशी. रिलॅक्सरचा खप घटत गेला, तेव्हा मासिकांचं पान सुधारलं. आज त्यांतला सल्ला पूर्वीपेक्षा बरा असतो, हे मान्य करतो. कॅलिफोर्नियानं २०१९ साली केसांवरून नोकरी-शाळेत भेद करायला बंदीचा कायदा केला, पुढं वीसहून जास्त राज्यांनी केला. पण मालक बघायचं सोडू नका. काळ्या बायकांसाठी १९७० साली निघालेलं ‘एसेन्स’ २०१८ साली पुन्हा काळ्या मालकीत आलं. घेणारा रिचेलू डेनिस, केशप्रसाधनांची कंपनी काढून मोठा झालेला. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. डबा आणि छापखाना पुन्हा एका हातात आला, एवढंच नोंदवतो.

बाबासाहेबांनी आठवणीत लिहून ठेवलंय की साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापत नसत, म्हणून थोरली बहीण घरातल्या पोरांचे केस कापायची आणि कापून कापून त्यात तरबेज झाली होती. मला त्या बहिणीचा हात आणि दोऱ्यानं केस गुंडाळणाऱ्या त्या गुलाम आईचा हात एकच वाटतो. त्या दोघींना कुणी पानभर जागा दिली नाही. त्यांना विकायचंही काही नव्हतं.

आपल्या या अंकात जाहिरात नाही. शाई संपली की वर्गणी गोळा करावी लागते, आणि कधी कधी मलाही वाटतं की एखादी जाहिरात घ्यावी. त्या दिवशी मी ‘एबनी’ आठवतो. सल्ला कुणाचाही असो, काळ्याचा, गोऱ्याचा, आपल्या माणसाचा, तीन प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्यानं माझं डोकं बघितलंय का? त्याचा पगार कोण देतो? आणि भाजलं तर कुणाचं भाजणार?

उद्या माझी पहिली पाळी आहे. हातमोजे आता मिळतात. सहा जणांत चार जोड.